चाखायला न देता विकायचे तर

सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यातून जाताना रस्त्याकडेला केळीचे वेफर्स तळणाऱ्या कढया दिसतात. सोललेले कच्चे केळे किसणीवर धरले की चकत्या थेट तापल्या तेलात पडतात आणि झाऱ्याने काढलेले दोनचार वेफर्स गिऱ्हाइकाच्या तळहातावर येतात. तो खातो, मान डोलावतो आणि अर्धा किलो बांधून घेतो. विकणाऱ्याला फारसे बोलावे लागत नाही. तेल कसे आहे ते नाकाला कळते, कुरकुरीतपणा दातांना कळतो आणि माल ताजा आहे हे समोरची कढईच सांगते.

तेच वेफर्स मुक्ताईनगरात बसून पुण्याच्या, सुरतेच्या, नागपूरच्या माणसाला वेबसाइटवरून विकायचे ठरवले की नाक, दात आणि कढई तिन्ही बाजूला पडतात. उरतात एकदोन फोटो आणि शेदोनशे शब्द. जी खात्री गिऱ्हाईक एरवी स्वतः करून घेतो, ती आता या शब्दांनी करून द्यायची असते. वेबसाइटवरचा विक्रीचा मजकूर लिहिणे म्हणजे हेच काम. ते नीट समजून घेतले, तर तालुक्याच्या गावातला बचत गटही ते शहरातल्या जाहिरात कंपनीइतके चांगले करू शकतो, काही बाबतींत अधिक चांगलेही, असे माझे ठाम मत आहे.

आज बहुतेक पानांवर काय लिहिलेले असते? ‘सर्वोत्तम दर्जा, अप्रतिम चव, शुद्ध आणि आरोग्यदायी, एकदा अवश्य खाऊन बघा.’ वेफर्स काढून तिथे लोणचे ठेवा, शेवया ठेवा, गूळ ठेवा. वाक्यात एक अक्षरही बदलावे लागत नाही. कुठल्याही मालाला चालणारे वाक्य आपल्या मालाविषयी काहीच सांगत नाही. शिवाय वाचणाऱ्याला ते तपासता येत नाही. ‘अप्रतिम’ खरे की खोटे हे कळायला आधी पैसे भरावे लागतात, आणि पैसे भरायचे की नाही हेच तर त्याला ठरवायचे असते.

विशेषणांनी वाचक नुसता कंटाळतो असे नाही. त्याचे वाचणेच अडखळते. १९९७ साली याकोब निल्सन आणि जॉन मॉर्केस या संशोधकांनी याची मोजणी केली होती. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाची माहिती त्यांनी एकाच वेबसाइटच्या पाच निरनिराळ्या आवृत्त्यांत मांडली आणि लोकांना ती वापरायला दिली. पहिल्या आवृत्तीत नेहमीची फुशारकीची भाषा होती. तीच माहिती फुशारकी काढून सरळ भाषेत लिहिल्यावर वाचकांचे काम २७ टक्क्यांनी सोपे झाले. मजकूर निम्म्यावर आणल्यावर सुधारणा ५८ टक्के झाली. नजर टाकताच मुद्दे दिसतील अशी मांडणी केल्यावर ४७ टक्के. तिन्ही गोष्टी एकत्र केल्यावर १२४ टक्के. त्याच काळात त्यांना हेही आढळले की पाहणीतले ७९ टक्के लोक नवे पान उघडल्यावर ओळीने वाचतच नाहीत, फक्त नजर फिरवतात. तेव्हा मोबाइलवरचे इंटरनेट नव्हते. आज एसटीत उभ्याने अंगठ्याने पान सरकवणारा गिऱ्हाईक त्याहून कमी वाचत असणार, हे सांगायला वेगळी पाहणी नको.

मग विशेषणे काढल्यावर लिहायचे काय? याचे मला पटलेले उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे. क्लॉड हॉपकिन्स हा अमेरिकी जाहिरात-लेखक श्लिट्झ नावाच्या बिअर कंपनीचे काम करत होता. त्या धंद्यात सगळेच ‘आमची बिअर शुद्ध’ असे मोठ्या अक्षरांत छापत. हॉपकिन्स कारखाना पाहायला गेला. काचेने बंद केलेल्या खोल्यांत गाळलेल्या हवेत बिअर थंड केली जात होती, पाणी खोल विहिरींतून आणले जात होते, बाटल्या चार-चार वेळा यंत्राने धुतल्या जात होत्या. हे लोकांना का सांगत नाही, असे त्याने विचारले. उत्तर मिळाले की यात सांगण्यासारखे काय आहे, सगळे कारखानदार असेच करतात. हॉपकिन्सने नेमके तेच लिहिले. पाचव्या क्रमांकावरची ती कंपनी काही महिन्यांत पहिलीच्या बरोबरीला आली, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्याचे ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ हे छोटेखानी पुस्तक १९२३ साली आले आणि या क्षेत्रातले लोक आजही ते वाचतात.

‘यात सांगण्यासारखे काय आहे?’ हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येते, आणि विक्रीचा सगळा ऐवज त्याच्याच मागे दडलेला असतो. वेफर्सला केळे पूर्ण भरलेले पण कच्चेच लागते. पिकायला लागले की त्यात साखर वाढते आणि तळताना चकती काळपट पडते. हे तळणाऱ्या बाईला इतके सवयीचे असते की ते पानावर लिहावे असे तिच्या मनातही येत नाही. कळण्याच्या पिठात ज्वारीबरोबर उडीद दळलेले असतात. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरीला वेगळी चव येते. इकडे हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कोथरूडमधल्या बाईंना नसते, आणि पैसे त्या देणार असतात. भरताचे वांगे हिरवे, मोठे, कमी बियांचे का हवे, ते कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजले की गॅसवर भाजलेल्यापेक्षा वेगळे का लागते, मिरची-लसूण आधी का ठेचायचा, ही सारी माहिती खान्देशातल्या स्वयंपाकघरांत आयती आहे. मुंबईचा जाहिरात-लेखक ती विकत घ्यायला येईल. आपल्याला ती फक्त लिहून काढायची आहे.

एक नमुना करून पाहू. समजा पानावर असे लिहिले: ‘केळी आमच्याच शिवारातली. घड उतरवला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तळतो. शेंगदाणा तेल, मीठ आणि मिरपूड. याशिवाय काही नाही. तळल्याची तारीख प्रत्येक पाकिटावर छापलेली आहे. चकती जाडसर कापतो, म्हणून वेफर्स थोडे कडक लागतात. पातळ, तोंडात विरघळणारे वेफर्स हवे असतील तर हे तुम्हाला आवडणार नाहीत.’ यात एकही विशेषण मालाची स्तुती करायला आलेले नाही. शेवटचे वाक्य तर काही गिऱ्हाइकांना परत पाठवते. पण तेच वाचून उरलेल्यांचा वरच्या वाक्यांवर विश्वास बसतो, कारण जो आपल्या मालाची मर्यादा सांगतो तो बाकीचेही खरे सांगत असणार, असे वाचणारा मनाशी धरतो. अट एकच: लिहिलेला शब्द न् शब्द खरा हवा. पामतेलात तळून शेंगदाणा तेल लिहिले, तर तो मजकूर राहत नाही, ती फसवणूक होते.

महाराष्ट्रात याचा मोठा धडा वेफर्सच्याही कितीतरी आधी लोखंडी नांगराने दिला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवला. लाकडी नांगरापेक्षा तो खोल जात होता, टिकत होता. तरी पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर किती मजबूत आहे, किती खोल जातो हे शंभरदा सांगूनही त्या शेतकऱ्याला उपयोग नव्हता. त्याच्या मनातला प्रश्न वेगळाच होता: माझी जमीन नासली तर? तो प्रश्न सुटेपर्यंत बाकीचे गुण त्याच्या कानावरून वाहून जात होते. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघाले. शंकरराव किर्लोस्करांनी ते चालवले. कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकापर्यंत नेण्यासाठी निघालेले ते पत्रक पुढे महाराष्ट्रातले नावाजलेले मासिक झाले. मालाची माहिती देणारा मजकूर वाचनीय असू शकतो, लोक तो आवडीने वाचू शकतात, याचा मराठीत याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आपल्या जळगाव जिल्ह्यात ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित केळीची रोपे आली, तेव्हाही शेतकऱ्यांच्या मनात असेच प्रश्न होते. घरच्या बागेतले कंद असताना पैसे मोजून रोप का घ्यायचे? नळीने थेंब थेंब पाणी देऊन केळीसारख्या पिकाचे भागेल का? या शंका पत्रकांपेक्षा बघितलेल्या बागेने अधिक फिटल्या. शेजारच्या शिवारात घड किती किलोचा पडला हे डोळ्यांनी दिसले, की मग बोलणे पुढे सरकते.

वेबसाइटवर शिवारफेरी नेता येत नाही, पण शंका मात्र आधीच ओळखता येतात. ऑनलाइन खाण्याचा पदार्थ घेणाऱ्याच्या मनात ठरलेल्या गोष्टी येतात. पार्सलमध्ये वेफर्सचा चुरा झाला तर? तेल कोणते असेल? किती दिवस टिकेल? पैसे आधी भरले आणि माल आलाच नाही तर कोणाला फोन करायचा? हे लोक खरे आहेत का, की नुसते पान बनवून बसलेत? या प्रत्येक शंकेला पानावर जागा हवी, आणि तीही जिथे ती शंका मनात येते तिथे. तेलाची गोष्ट पदार्थाच्या वर्णनात. चुऱ्याची गोष्ट पार्सलच्या माहितीजवळ: डब्यात घालून पाठवतो, तरी तुटले तर फोटो पाठवा, दुसरे पाकीट पाठवू. फोन नंबर, गावाचे नाव, पत्ता आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लपवण्याऐवजी पैसे भरण्याच्या बटणाजवळ. पैसे भरताना माणसाचा हात थबकतो तो तिथेच.

कोणाशी बोलतो आहोत, हा त्याआधीचा प्रश्न. मुक्ताईनगर तालुक्यातच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पाठवलेल्या कोऱ्या पत्राची कथा इथल्या प्रत्येकाला ठाऊक असते. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा, हे चौदाशे वर्षे जगलेल्या योग्याला ठरवता आले नाही आणि कागद कोराच गेला. त्याला उत्तर म्हणून ‘चांगदेव पासष्टी’ लिहिली गेली अशी परंपरा आहे. मायना ठरल्याशिवाय पत्राची पहिली ओळ उमटत नाही, हे लिहिणाऱ्या कोणालाही पटेल. विक्रीच्या पानाचेही तसेच. शहरी तरुणांचे काही ब्रँड गिऱ्हाइकाला ‘तू’ म्हणून हाक मारतात. पासष्टीच्या आजींना नातवाने पान उघडून दिले आणि त्यांना ‘तू’ म्हटलेले दिसले, तर त्या मागे सरकतील. सरकारी पत्रातले ‘आपण’ लिहिले तर घरचा माल घरचा वाटत नाही. खान्देशातून घराघरात जाणाऱ्या खाण्याच्या मालाला माझ्या मते साधे ‘तुम्ही’च शोभते. एकदा ते ठरवले की मग पानभर तेच ठेवावे. वर ‘तुम्ही’ आणि बटणावर ‘आपली ऑर्डर नोंदवा’ असे करू नये.

मायन्याइतकाच महत्त्वाचा भेद दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांचा आहे. खान्देशी माल मागवणाऱ्यांत एक मोठा वर्ग इथूनच गेलेल्यांचा असतो: पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतले, नाशिकचे, मुंबईचे, सुरतेच्या उधना-लिंबायत भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे. त्यांना कळणा म्हणजे काय हे समजावून सांगायला लागलात तर ते हसतील. त्यांना हवे ते गावाचे नाव, दळणाची तारीख आणि पार्सल किती दिवसांत पोचेल हे. ‘बामणोदची वांगी’ या दोन शब्दांत त्यांच्यासाठी सगळी जाहिरात होते. दुसरा वर्ग यातले काहीच न खाल्लेल्यांचा. त्यांना पदार्थ काय आहे इथपासून सांगायला हवे, आणि तो करायचा कसा हेही. भाकरी थापता न येणाऱ्याला कळण्याचे पीठ विकायचे, तर त्याच पिठाची पुरी कशी करायची हे चार ओळींत द्यायलाच हवे. नाहीतर पीठ डब्यात पडून राहील आणि दुसरी ऑर्डर कधीच येणार नाही. या दोन वर्गांना एकाच परिच्छेदात गाठायचा प्रयत्न केला की मजकूर दोघांनाही परका होतो. पदार्थाची ओळख वेगळ्या पानावर द्यावी आणि विक्रीचे पान आटोपशीर ठेवावे, हे बरे.

मथळ्याबद्दल थोडे सांगतो. डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरात-लेखकाची १९५८ सालची रोल्स-रॉइसची जाहिरात प्रसिद्ध आहे: ताशी साठ मैल वेगाने जातानाही गाडीत सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा येतो, अशा अर्थाचा तिचा मथळा होता. ते वाक्य ओगिल्व्हीला टेबलाशी बसून सुचलेले नाही. गाडीविषयी तो तीन आठवडे वाचत होता, आणि एका मोटार मासिकाच्या तांत्रिक संपादकाच्या अहवालात त्याला ही नोंद सापडली. चांगला मथळा बहुतेकदा असाच आधीपासून कुठेतरी पडलेला असतो. गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात, मापाच्या वहीत, तळणाऱ्या बाईच्या बोलण्यात. ‘पाकीट फोडल्यावर आठव्या दिवशीही मऊ पडले नाहीत’ असे कोणी कळवले असेल आणि ते खरे असेल, तर त्या माणसाची परवानगी घेऊन तेच वर लावावे.

मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर, न सरकवता, चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: हे काय आहे, किती वजनाचे, किती रुपयांचे आणि पार्सलचा खर्च धरून घरपोच किती पडेल. किंमत शेवटपर्यंत झाकून ठेवणारे बरेच आहेत. ते चतुराई समजतात. गिऱ्हाईक त्याला लबाडी समजतो. आणि आता कायदाही तसेच समजतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. फसव्या मांडणीचे तेरा प्रकार त्यांत नोंदले आहेत. शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणे हा त्यांतला एक, न मागितलेली वस्तू गुपचूप यादीत टाकणे हा दुसरा. नकार देणाऱ्याला शरमिंदे करणारे शब्द बटणावर लिहिणे हाही एक. आणि सगळ्यांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे खोटी घाई: ‘फक्त दोन पाकिटे शिल्लक’, ‘सवलत दहा मिनिटांत संपणार’, आणि पान पुन्हा उघडले की घड्याळ पुन्हा दहावर.

या खोट्या घाईचा मला विशेष राग येतो, कारण खान्देशी मालाला खऱ्या घाईची काहीच वाण नाही. भरताची वांगी थंडीची. उडदाचे पापड, कुरडया, शेवया यांचे वाळवण फाल्गुन-चैत्र-वैशाखातल्या उन्हाचे. मृगाचा पाऊस लागला की वाळवण थांबते आणि जे डब्यात भरून ठेवले तेच पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे. हे सरळ लिहा: ‘यंदाच्या कुरडया मेअखेर करून झाल्या. एवढ्या संपल्या की पुढच्या उन्हाळ्यातच.’ यात घड्याळ नाही, लाल अक्षरे नाहीत, तरी वाचणाऱ्याला आज मागवायचे कारण मिळते. ऋतूच मुदत घालून देतो, आणि ती मुदत कोणालाही तपासता येते.

आरोग्याच्या दाव्यांबाबत मात्र कडक राहावे लागेल. कच्च्या केळीचे पीठ विकणारी पाने हल्ली वाढली आहेत आणि त्यांवर मधुमेहापासून आतड्याच्या विकारांपर्यंत सगळे बरे होत असल्याचे सूचित केलेले असते. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंद केली आहे, आणि खाद्यपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत. ताजे, नैसर्गिक, शुद्ध, पारंपरिक असे सहज लिहिले जाणारे शब्दही त्या नियमांत अटींनी बांधलेले आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. पण दंडाच्या भीतीपेक्षा मोठे कारण हे आहे की असे पान वाचून कोणी खरोखरच औषध बंद करू शकतो. पिठाच्या एका पाकिटासाठी ती जबाबदारी कोणी घेऊ नये.

भौगोलिक मानांकनाचेही तसेच जपून वापरावे. जळगावच्या केळीला २०१६ साली हे मानांकन मिळाले. रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे त्याची नोंद झाली. त्याच वर्षी जळगावच्या भरीत वांग्यालाही ते मिळाले. जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची बावीस टन मानांकित केळी दुबईला गेली. ही अभिमानाने सांगण्याची गोष्ट आहे, आणि विक्रीच्या पानावर तिचे वजन शंभर विशेषणांपेक्षा जास्त आहे. मात्र मानांकनाचे बोधचिन्ह लावायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती केली असेल तर क्रमांकासह लिहा. केली नसेल तर केळी कुठल्या गावच्या शिवारातली आहेत एवढे खरे खरे लिहा. तेवढ्यानेही पुष्कळ काम होते.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय खरे आणि परवानगी घेतलेले असावेत. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली वेगळे मानक काढले, ते खोट्या अभिप्रायांच्या रोगामुळे. पाचपैकी पाच तारे मिळालेले पन्नास अभिप्राय एकाच सुरात बोलू लागले की कोणालाही वास येतो. ‘चव आवडली, पण पाकीट उघडायला कात्री लागली’ असा एक अभिप्राय त्यात असेल तर बाकीचे एकोणपन्नास खरे वाटतात.

आजकाल संगणकाला सांगितले की तो पानभर विक्रीचा मजकूर क्षणात लिहून देतो. शुद्धलेखन तपासायला, लांबलेले वाक्य आखूड करायला त्याची मदत जरूर घ्यावी. पण तुमच्या कढईत कोणते तेल आहे, केळे कोणत्या दिवशी उतरवले, गेल्या महिन्यात कोणती तक्रार आली, हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. आणि ते त्याला सांगण्याइतके नेमके तुम्ही एकदा लिहून काढले, की मजकूर बहुतेक तयारच झालेला असतो.

लिहिलेले चालते की नाही हे कसे कळणार? मोठ्या कंपन्या एकाच पानाच्या दोन आवृत्त्या हजारो लोकांना दाखवतात आणि कोणत्या आवृत्तीला जास्त ऑर्डर आल्या ते मोजतात. हॉपकिन्स हेच काम वर्तमानपत्रातल्या कुपनांवर करत असे. कोणत्या जाहिरातीचे कुपन किती परत आले यावरून त्याला मथळ्याची किंमत कळे. आठवड्याला वीसपंचवीस ऑर्डर येणाऱ्या गटाला ही मोजणी उपयोगाची नाही. इतक्या थोड्या आकड्यांत योगायोग आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत. त्यांच्यासाठी फोन अधिक चांगला. माल पोचल्यावर गिऱ्हाइकाला फोन करून एवढेच विचारावे: घेण्याआधी मनात काय शंका होती? आणि जे पान बघून गेले पण घेतले नाही, अशा ओळखीच्या दोघाचौघांना: कुठे थांबलात? त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवावीत. आठदहा उत्तरे झाली की एकच शंका पुन्हा पुन्हा दिसू लागते. तिचे उत्तर पानावर सर्वांत वर न्यावे. दर ऋतूला हे पुन्हा करावे, कारण पावसाळ्यातल्या शंका उन्हाळ्यातल्या नसतात.

मुक्ताईनगर, रावेर, यावल, बोदवड या तालुक्यांत महिला बचत गटांची प्रशिक्षणे होतात. त्यांत पदार्थ टिकवणे शिकवतात, पाकीटबंद करणे शिकवतात, हिशेब ठेवणे शिकवतात. कृषी विज्ञान केंद्रांना, ‘उमेद’ अभियानाच्या आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यात लिहिण्याचाही एक दिवस घालावा. त्या दिवशी शहरातला जाहिरातवाला बोलावण्याची गरज नाही. मराठी शिकवणारी एखादी शिक्षिका, तळणारी बाई आणि दोन जुनी गिऱ्हाइके एका खोलीत बसवावीत. गिऱ्हाइकांनी विचारावे, बाईने सांगावे, शिक्षिकेने ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे.